धरणगावात जमरा

किराणावाला विचारतो, जव पूजेचे की खायचे?
आई म्हणते, उगवायचे.
तो गव्हाचं पुडकं पुढे सरकवतो,
घटात इथं गहूच पेरतात, वहिनी.
आई दोन्ही घेते. वाद नको.

खोलीत अंधारा कोनाडा एकच,
गॅसच्या टाकीमागचा.
तिथं तेलाच्या कापलेल्या डब्यात
जिनिंगच्या आवारातली काळी माती,
सरकीची टरफलं न निवडता.
जमऱ्याला ऊन लागू द्यायचं नाही.
पिवळा राहिला तर जमरा,
हिरवा झाला की नुसतं गवत.
गगन दर तासाला फडकं उचलून बघतो,
आई दर तासाला त्याला चापट देते.

भिंतीपलीकडे कमलबाईंचा घट वाढतोय.
त्या एकदा डोकावल्या, म्हणाल्या,
"आमनासारखंच शे वं तुमनं!"
"सारखंच शे," आई म्हणाली
आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

सारखं म्हणजे माझ्या आडनावासारखं.
साऊद होतं, हजेरीत सावंत झालं.
मास्तरांनी चूक केली, बुवांनी सही.

तिकडे अछामात दसैंला झोके बांधतात,
बांबूचे, उंच, पायाखाली दरी दिसेल असे.
इथं झोका आखाजीचा, भर वैशाखात.
मी पहिला झोका घेतला तो निंबाला,
खाली कमलबाईंची बकरी चरत होती.
आई तिकडचं सांगते तेव्हा
दरीच्या जागी मला बकरीच दिसते.

नवमीला मटण आलं अर्धा किलो,
माझ्या दप्तरातून, घरमालकाच्या समोरून.
आईला आता काळ्या मसाल्याशिवाय जमत नाही.
पहिला घास घेऊन बुवा म्हणाले, असं नसतं ते.
रस्सा तीनदा घेतला.

दसऱ्याला सकाळी जिनिंगमध्ये मुहूर्ताचा कापूस.
भटजींनी कुंकू लावलं प्रेसला, बोअरच्या मोटरला,
पहिल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला, वजनकाट्याला.
ताट बुवांच्या हातात होतं.
वजनकाट्यालाही कपाळ असतं,
हे मला तेव्हा कळलं.

दुपारी आईनं तांदूळ, दही, अबीर कालवलं.
टीका मोठ्यानं लहानाला लावायचा.
बुवांनी आईला लावला, गगनला लावला,
मला लावला आणि माझ्या पाया पडले,
मुलीच्या पडायचं असतं तिकडे.
कानामागे जमरा खोचला,
दहाची कोरी नोट हातावर ठेवली.
मग ताटात उरला एका कपाळापुरता टीका.

बुवांहून मोठं या गावात आमचं कुणी नाही.
त्यांची आई फोनवर.
शेळ्यांच्या वाटेनं टेकडीवर चढली
की तिला नेटवर्कच्या दोन काड्या मिळतात.
तिनं बोट पुढे केलं, काचेला लावलं.
पडदा लाल झाला, मग काळा,
मग चकती गरगर फिरू लागली.
बुवा मान खाली घालून बसून राहिले,
चकती थांबल्यावरही.

संध्याकाळी मी वर्गातल्या पोरींबरोबर
गल्लोगल्ली सोनं वाटून आले.
बुवा दारात बूट चढवत होते,
गळ्यात शिट्टी, काठी भिंतीला टेकवलेली.
मी वाकले, त्यांनी पाय मागे घेतले.
मग नुसतं पान पुढे केलं.
इथं लहानांनी मोठ्यांना द्यायचं असतं,
एवढं मी सांगितलं नाही.
त्यांनी पान उलटून पाहिलं,
आपट्याची दोन जोडलेली पाळी, मध्ये शीर.
वाटलं, खिशात टाकतील.
कानामागे खोचलं.

रात्री दोनच्या सुमारास चौकातून कुणाचा तरी आवाज आला,
"काय रे बहादूर, कानले काय लायेल शे?"
उत्तर मला ऐकू आलं नाही.
काठी दोनदा आपटली,
मग पुढच्या गल्लीत गेली.